गेलेले शंभर आणि आलेले शंभर



लाभ-हानी सारखी मानावी, हे आपण सगळेच ऐकत आलो. मग मन तसं का मानत नाही, असा प्रश्न गुरुवारच्या अभ्यासात निघाला होता. त्यावर थोडं.

समजा, नाणं उडवायचं. काटा पडला तर शंभर रुपये द्यायचे, छापा पडला तर शंभर मिळणार. हिशेब अगदी चोख. तरी बहुतेक जण 'नको बाबा' म्हणतील. दीडशे मिळणार म्हटलं तरी का-कू. दोनशेच्या आसपास गेल्यावर कुठे हात पुढे होतो! डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हे शास्त्रीय रीतीने मांडलं. पुढे १९९२ च्या त्यांच्या मोजणीत जाण्याचं वजन येण्याच्या सुमारे सव्वादोन पट भरलं.

काहनेमन आणि सहकाऱ्यांचा दुसरा प्रयोग कॉफीच्या कपांचा. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कप वाटले आणि आपसात खरेदी-विक्री करायला सांगितली. कप मिळालेल्यांनी मागितलेली किंमत बाकीच्यांच्या दुपटीच्या आसपास किंवा जास्तच! कप हाती येऊन कितीसा वेळ झाला होता? पण तेवढ्यात तो 'माझा' झाला. आमच्या मते सगळी गोम या 'माझा'त आहे. माळ्यावरची तपेली दहा वर्षांत खाली आलेली नसतात, पण मोडीत द्यायची म्हटलं की घरात आवाज चढतो, तो ह्याचाच.

ही सवय वाईटच असं नाही. रानात राहणाऱ्या माणसाला एखादं फळ हुकलं तर दुसरं मिळे, वाघाची चाहूल हुकली तर संपलंच. जाण्याची भीती मोठी असणं तेव्हा कामाचं होतं, असं काही अभ्यासक म्हणतात.

हल्ली मात्र तिचा फायदा भलतेच लोक घेतात. लॉटरी लागल्याच्या मेसेजला आपली ज्येष्ठ मंडळी आता हसतात. पण 'आज रात्री वीज तोडू', 'खातं बंद होईल' असं आलं की पेन्शनची पुंजी दहा मिनिटांत जाऊ शकते. असा मेसेज आला की आधी फोन खाली ठेवा, घरात कुणाला तरी दाखवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा, लाज धरू नका. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पुढच्या गुरुवारी येताना एवढं करा. घरातली न वापरलेली एक वस्तू निवडा. ती विकायची तर किती मागाल, आणि ती नसतीच तर किती देऊन आणली असती, हे दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून आणा. इंदूर-बडोद्याच्या मंडळींनी आपले आकडे ग्रुपवर टाकावेत.