शिसे कुजत नाही

शेतकरी मातीला 'काळी आई' म्हणतो. पालापाचोळा, शेण, जे जे तिच्या पोटात जाते त्याचे ती खत करते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, परंतु एवढे सर्वांना ठाऊक होते. शिसे, कॅडमियम अशा जड धातूंपुढे मात्र या अनुभवाचे काही चालत नाही. धातू हे मूलद्रव्य. ते कुजणार कसे? शिसे तर मातीच्या कणांना इतके घट्ट चिकटते की पावसानेही फारसे खाली झिरपत नाही. जिथे आपण खुरपे चालवतो, त्या वरच्या थरातच ते बसून राहते.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. हॉवर्ड मील्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या मध्यापासून तीस मैलांच्या परिसरातील ४२२ भाजीबागांची माती तपासली व निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध केले. मुलांच्या रक्तात शिसे आढळे, त्याचा दोष तोवर मुख्यतः जुन्या घरांच्या रंगाला दिला जाई. तसे असते तर रंगवलेल्या लाकडी घरांच्या वस्तीत शिसे अधिक सापडावयास हवे होते. प्रत्यक्षात ते सर्वाधिक सापडले शहराच्या मध्यभागी, जिथली घरे बहुतांशी न रंगवलेल्या विटांची! तिथे दाटी होती ती मोटारींची, आणि १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात होते. रंग निर्दोष ठरला असे नव्हे. पण नुसत्या नकाशाने दुसरा आरोपी उभा केला, याचे भूगोलाच्या विद्यार्थ्याला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, जगात शेवटी अल्जीरियात २०२१ साली. धूर थांबला, माती तीच राहिली.

मग अशा मातीत भाजी लावूच नये काय? मला हे पटत नाही. ज्यांना विकतची भाजी परवडत नाही, त्यांच्याच वस्तीत बहुधा ही माती असते. टोमॅटो, वांगी यांच्या फळात शिसे फार थोडे उतरते. मुळा, गाजर व पालेभाज्यांना मात्र माती चिकटून येते. त्या नीट धुतल्या पाहिजेत. कॅडमियम पालकाच्या पानातच चढते, तिथे धुण्याचा उपयोग नाही. आणि सर्वांत मोठा धोका भाजीचा नव्हेच, तर मातीत खेळून तोंडात जाणाऱ्या लहान मुलांच्या बोटांचा. बाहेरची चांगली माती आणून उंच वाफे करणे, भरपूर कंपोस्ट घालणे, उघडी जमीन पालापाचोळ्याने झाकणे, हे उपाय कोणालाही जमण्याजोगे आहेत.

पण आधी माती तपासावी लागेल. आपल्याकडे २०१५ पासून शेतकऱ्याला जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तीत बारा गोष्टी मोजलेल्या असतात. शिसे व कॅडमियम त्यांत नाहीत.