जुनी संगणक कार्यप्रणाली आणि निळा पडदा
बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यालये आणि शाळांसाठी उपयुक्त अभ्यास

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस उभा राहिला आणि उसाबरोबर हिशेबाची शिस्तही आली. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती या सहकारी साखर कारखान्यांमुळे वजनकाट्याची पावती, दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल आणि सोसायटीचा उतारा या गोष्टी येथील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाच्या झाल्या. पुढे हे हिशेब वह्यांतून संगणकात गेले. २००१ साली एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाल्यावर राज्यभर संगणक साक्षरतेचा प्रसार झाला. २०११ मध्ये ‘संग्राम’ म्हणजेच संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्यानंतर ‘आपले सरकार सेवा केंद्रां’च्या द्वारे ग्रामपंचायतीचे दाखले संगणकावर मिळू लागले.

या वाटचालीचे एक अंग मात्र सहसा चर्चेत येत नाही. पहिल्या पिढीतील संगणक आता थकले आहेत, परंतु त्यांच्यावर लिहिलेल्या नोंदींचे महत्त्व कमी झालेले नाही. कर आकारणीचा नमुना ८, मागणीचा नमुना ९, शाळेचे जनरल रजिस्टर, सभासदांची खाती यांची जुनी माहिती अनेकदा अशा आज्ञावलीत असते, की जी केवळ जुन्या कार्यप्रणालीवरच चालते. मग नव्या संगणकावर जुनी कार्यप्रणाली बसविण्याचा प्रयत्न होतो आणि मध्येच निळा पडदा उभा राहतो. हा पडदा काय सांगतो आणि त्या वेळी काय करावे व काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुन्या कार्यप्रणालीची गरज का पडते?

कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, ही संगणकाचे यंत्र आणि त्यावरील आज्ञावली यांच्यामधील दुवा होय. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज एक्सपी’ ही कार्यप्रणाली २००१ मध्ये आणि ‘विंडोज ७’ ही २००९ मध्ये बाजारात आली. एक्सपीचे नियमित साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. साहाय्य संपणे याचा अर्थ संगणक त्या दिवशी बंद पडतो असा नाही. नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवर कंपनी त्यानंतर दुरुस्ती पुरवीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

असे असूनही जुनी कार्यप्रणाली हवी असण्याची तीन प्रमुख कारणे आढळतात. पहिले, आज्ञावली बनविणारी व्यक्ती किंवा संस्था आता उपलब्ध नसते. दुसरे, ठोक्याचा प्रिंटर, वजनकाटा किंवा दुधातील स्निग्धांश मोजणारे यंत्र जुन्या पद्धतीच्या जोडणीवर चालते आणि नव्या कार्यप्रणालीसाठी त्याचा ड्रायव्हर मिळत नाही. तिसरे, मराठी मजकूर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला असतो. तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात.

निळा पडदा म्हणजे काय?

विंडोजच्या गाभ्यात सावरता न येणारा बिघाड झाला, की ती सर्व काम जागच्या जागी थांबविते आणि निळ्या पडद्यावर एक संकेतांक दाखविते. याला ‘स्टॉप एरर’ म्हणतात. चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाऊ नये, हा या थांबण्यामागील हेतू असतो. म्हणजे निळा पडदा हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा आज्ञावलीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणकांवर असा पडदा आला आणि भारतातही काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. २०२५ मध्ये विंडोज ११ मधील या पडद्याचा रंग काळा करण्यात आला. जुन्या कार्यप्रणालींमध्ये तो निळाच आहे.

संकेतांक शून्य व ‘एक्स’ या अक्षराने सुरू होतो. त्यातील अंक षोडशमान पद्धतीचे असतात; म्हणून ० ते ९ या अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही येतात. व्यवहारात शेवटची दोन स्थाने पाहिली, तरी बहुतेक वेळा निदानाला दिशा मिळते. पडदा दिसताच प्रथम भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र घ्यावे. संगणक आपोआप पुन्हा सुरू होऊन पडदा नाहीसा होत असेल, तर सुरू होताना एफ८ कळ दाबून आपोआप पुन्हा सुरू होणे बंद करण्याचा पर्याय निवडावा.

एक उदाहरण

समजा, इंदापूर तालुक्यातील एका ग्रामपंचायतीचा जुना संगणक बंद पडला. त्याचा मदरबोर्ड निकामी झाला, परंतु हार्ड डिस्क शाबूत आहे. तिच्यावर एक्सपी आणि घरपट्टीच्या कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत. संगणक चालकाने ती डिस्क नव्या संगणकात बसविली. एक्सपीचे चिन्ह क्षणभर दिसले आणि निळा पडदा आला. संकेतांकाच्या शेवटी ‘७बी’.

येथे पहिला गैरसमज होतो, तो डिस्क खराब झाल्याचा. वस्तुतः ‘७बी’चा अर्थ इतकाच, की कार्यप्रणालीला ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे आहे, तिच्यापर्यंत ती पोहोचू शकत नाही. जुन्या एक्सपीकडे जुन्या मदरबोर्डचा ड्रायव्हर आहे; नव्या मदरबोर्डची डिस्कशी बोलण्याची रीत तिला ठाऊक नाही. डिस्कवरील नोंदी बहुधा सुरक्षित असतात. दुसरी आणि अधिक घातक चूक यानंतर घडते. एक्सपीची सीडी घालून त्याच डिस्कवर नव्याने कार्यप्रणाली बसविली जाते आणि मध्येच विचारलेल्या प्रश्नाला होकार देऊन विभाग फॉरमॅट केला जातो. ज्या नोंदींसाठी हा खटाटोप चालला होता, त्याच अशा वेळी गमावल्या जातात.

योग्य क्रम असा : ती डिस्क काढून यूएसबी जोडणीच्या साधनाने एखाद्या चालू संगणकाला दुय्यम डिस्क म्हणून जोडावी, सर्व फाइली दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात, त्यांतील काही उघडून पाहाव्यात आणि मूळ डिस्क चिठ्ठी लावून कपाटात ठेवावी. यानंतरचे सर्व प्रयोग दुसऱ्या, कोऱ्या डिस्कवर करावेत.

संकेतांक आणि उपाय

‘७बी’ : कोऱ्या डिस्कवर एक्सपी बसवितानाही हाच संकेतांक येऊ शकतो. नव्या संगणकात साटा डिस्क ‘एएचसीआय’ पद्धतीने चालते आणि एक्सपीच्या मूळ सीडीत तिचा ड्रायव्हर नाही. बायोसमध्ये जाऊन साटाची पद्धत ‘एएचसीआय’ऐवजी ‘आयडीई’ करावी. तसा पर्याय नसेल, तर सुरुवातीला एफ६ कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागतो किंवा तो आधीच सीडीत मिसळून घ्यावा लागतो. विंडोज ७ मध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर आहे. मात्र ती आयडीई पद्धतीत बसवून नंतर बायोसमध्ये बदल केल्यास ‘७बी’ येतो. अशा वेळी बदल मागे घेतला, की संगणक पुन्हा सुरू होतो.

‘ए५’ : मदरबोर्डची वीज-व्यवस्थापन व साधन-ओळख पद्धती आणि कार्यप्रणाली यांचा मेळ बसत नसल्याची ही खूण आहे. उत्पादकाने दिलेले बायोसचे अद्ययावतीकरण हा पहिला उपाय होय. ते करताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून चांगला यूपीएस असल्याखेरीज हे काम करू नये. एक्सपी बसविताना एफ६ ची सूचना दिसते, त्या वेळी एफ७ दाबल्यास ही पद्धती वगळून पुढे जाता येते.

‘५०’, ‘१ए’ आणि ‘७एफ’ : यांमागे पुष्कळदा स्मृतीचा, म्हणजे रॅमचा दोष असतो. दर वेळी वेगळा संकेतांक येत असेल, तर हा संशय बळावतो. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची टोके स्वच्छ करावीत आणि एका वेळी एकच पट्टी लावून पाहावी. स्मृती तपासणाऱ्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. त्या काही तास चालू द्याव्यात.

‘२४’, ‘७ए’ आणि ‘ईडी’ : डिस्क, तिची तार किंवा फाइलींची रचना यांत दोष आहे. प्रथम तार बदलावी. डिस्कवर नोंदी असतील, तर त्या उतरवून घेतल्याशिवाय दुरुस्तीची आज्ञा देऊ नये. कारण खिळखिळी झालेली डिस्क दुरुस्तीच्या ताणानेच बंद पडू शकते.

‘डी१’ आणि ‘७ई’ : बहुधा एखादा ड्रायव्हर चुकला आहे. पडद्यावर त्याच्या फाइलीचे नाव असल्यास ते टिपून घ्यावे. प्रिंटर, इंटरनेटचे कार्ड आणि जादा यूएसबी साधने काढून केवळ कळफलक, माऊस व पडदा ठेवावा आणि पुन्हा प्रयत्न करावा.

संकेतांक न येताही काम अडते. २०१५ नंतरच्या अनेक संगणकांवर विंडोज ७ बसविताना कळफलक व माऊस चालत नाहीत, कारण यूएसबी ३ चा ड्रायव्हर तिच्या मूळ डीव्हीडीत नाही. एनव्हीएमई प्रकारची नवी डिस्कही तिला दिसत नाही. एक्सपीला तर जुन्या पद्धतीचाच बायोस लागतो आणि इंटेलने २०२० पासून तो आधार काढून घेण्याचे धोरण २०१७ मध्येच जाहीर केले होते. म्हणून अगदी नव्या संगणकावर एक्सपी बसविण्याचा हट्ट धरणे हा वेळेचा अपव्यय ठरतो.

वीज, उष्णता आणि धूळ

दोन्ही तालुक्यांचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यातील उष्णता, धूळ आणि कमी-जास्त होणारा विजेचा दाब यांचा संगणकावर परिणाम होतो. एकाच सीडीने एका संगणकावर काम होते आणि तशाच दुसऱ्यावर निळा पडदा येतो, तेव्हा दुसऱ्याचे झाकण उघडून पाहावे. धुळीने अडकलेला पंखा आणि मदरबोर्डवरील फुगलेले कपॅसिटर साध्या डोळ्यांनी दिसतात. आर्थिंग नीट आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. आज्ञावलीत दोष शोधण्यापूर्वी ही साधी पाहणी झालेली बरी.

सुरक्षित मार्ग : संगणकात संगणक

जुन्या आज्ञावलीला जुने यंत्र नव्हे, तर जुने वातावरण हवे असते. ते आभासी संगणकाच्या साहाय्याने मिळते. ‘व्हर्च्युअल बॉक्स’सारखी आज्ञावली नव्या संगणकावर चालवून तिच्यात एक्सपी किंवा विंडोज ७ बसविता येते. नव्या यंत्राचे ड्रायव्हर शोधावे लागत नाहीत, कारण आतील कार्यप्रणालीला जुन्या पद्धतीचेच यंत्र दिसते. येथेही एक्सपीसाठी डिस्कची जोडणी आयडीई ठेवावी. साटा ठेवल्यास तोच ‘७बी’ पुन्हा भेटतो. हा संपूर्ण आभासी संगणक काही फाइलींच्या स्वरूपात असल्याने त्याची प्रत काढून ठेवणे सोपे जाते.

मात्र दोन पथ्ये पाळणे आवश्यक आहे. एक, साहाय्य संपलेली कार्यप्रणाली इंटरनेटला जोडू नये आणि तिच्यावरून शासकीय संकेतस्थळांवर प्रवेश करू नये. दोन, कार्यप्रणालीचा परवाना वैध असावा. अनधिकृत सीडीतील फेरफार केलेल्या फाइली हेही निळ्या पडद्याचे व त्याहून मोठ्या धोक्याचे कारण असते.

अंतिम उद्दिष्ट

जुनी कार्यप्रणाली चालू करणे हे साधन आहे, साध्य नव्हे. ती एकदा चालू झाली, की नोंदी बाहेर काढून युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडण्याचा संभव असतो. म्हणून नावे व रकमा मूळ वहीशी ताडून पाहाव्यात. या कामी शाळेतील शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांचे साहाय्य घेता येईल. प्रमाणित करण्याची जबाबदारी मात्र ग्रामपंचायत अधिकारी किंवा मुख्याध्यापक यांचीच राहील.

ग्रामपंचायत सदस्यांनी मासिक सभेत तीन प्रश्न अवश्य विचारावेत : आपल्या नोंदी कोणत्या संगणकावर आणि कोणत्या आज्ञावलीत आहेत? त्यांची दुसरी प्रत कोठे आहे? आणि ती प्रत शेवटची कधी उघडून पाहिली? कर्जासाठी नमुना ८ चा उतारा मागावयास आलेल्या शेतकऱ्याला किंवा जन्मतारखेच्या दाखल्यासाठी आलेल्या माजी विद्यार्थ्याला संकेतांकाशी कर्तव्य नसते. त्याला त्याची नोंद हवी असते. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कार्यालयात तयार असतील, तेथे निळा पडदा आला, तरी कोणाचे काम अडणार नाही.