आधी टाईम प्लीज, मग बोलणी

अगं, तुझा मेसेज वाचला. पाचवीचा वर्ग, मधली सुट्टी संपली की रोज एक तरी तक्रार: "बाई, ह्यानं टपली मारली", "बाई, त्यानं आईवरून शिवी दिली." तू दोघांना उभं करतेस, "सॉरी म्हण" सांगतेस, एकजण खाली मान घालून सॉरी पुटपुटतो आणि शाळा सुटल्यावर गेटाबाहेर त्याच विषयाची दुसरी फेरी होते. माझं काय चुकतंय, असं विचारलंयस. मला विचारशील तर फक्त वेळ चुकते आहे. तू शिकवायला बघतेस ते ऐन भांडणात, आणि पुरात उतरवून कुणी पोहायला शिकवत नाही. भांडण कसं सोडवायचं हे सगळ्यांची डोकी थंड असताना, रिकाम्या तासाला, खोटं खोटं भांडण लावून शिकवायचं.

आधी तुझ्या वर्गाकडे नीट बघ. तुझ्या शाळेच्या या पिंपरीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, त्यांचा कॅम्प वसला. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को, बजाज आले आणि आता कारखान्यांची रांग चाकणच्याही पुढे गेली. प्रत्येक कारखान्यामागे माणसं आली: बीड-लातूरची, खानदेशातली, विदर्भातली, मग उत्तर प्रदेश, बिहारची. तुझ्या एकेका बाकावर दोन-तीन तऱ्हांची बोली बसलेली असते. एक "काय करायला?" म्हणतो, दुसरा "काय करून राहिला?", तिसरा सरळ हिंदीत. एकानं दुसऱ्याच्या बोलण्याची नक्कल केली की हसू पिकतं आणि ठिणगी तिथे पडते. पुढे भांडण पट्टीवरून होतं, पण पट्टी नुसतं निमित्त. "ए भैया" किंवा "ए गावठी" हे दोन दिवसांपूर्वी झालेलं असतं. तू पट्टीचा निकाल लावतेस, आणि म्हणून तो टिकत नाही.

आणि मोबाईलवर रील आहेतच. कोयता गँगच्या बातम्या पोरांनी आपल्याइतक्याच ऐकल्यात. पाचवीतला मुलगा "बघून घेईन तुला" म्हणतो तेव्हा त्याला त्या शब्दांचं वजन माहीत नसतं, पण त्याला ते शोभून दिसतं एवढं नक्की. त्यावर व्याख्यान देऊ नकोस. त्याला दुसरं काही बोलता येत नाही हा खरा प्रश्न आहे. राग आला की त्याच्याकडे शिवी असते किंवा हात असतो, तिसरं काही नसतं. ते तिसरं देणं तुझं काम.

ते तिसरं पोरांच्या घरात आहे, याचं मला नेहमी नवल वाटतं. कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला "करार" म्हणजे काय हे विचार. बाबांच्या कंपनीत पगारवाढीची बोलणी चाललीत, युनियन आणि मॅनेजमेंट टेबलाशी बसलेत, तोवर फ्रिज घ्यायचा नाही, हे त्यानं ऐकलेलं असतं. एखाद्याच्या आजोबांकडे १९८९ च्या टेल्कोच्या आंदोलनाच्या गोष्टी असतात, एखाद्याच्या काकांकडे २०१३ मध्ये चाकणच्या बजाजमध्ये ५० दिवस चाललेल्या संपाच्या. मोठी माणसं कडाडून भांडतात आणि तरी मागण्या कागदावर लिहून समोरासमोर बसतात, हे या गावाला कुणी नव्यानं शिकवायला नको. म्हणून मी पहिला खेळ हाच घेते. मैदान कुणाला, हा वाद: सहावीला क्रिकेट खेळायचंय, मुलींना लंगडी. दोन्हीकडचे तीन-तीन प्रतिनिधी, मध्ये टेबल. मागणी लेखी द्यायची, समोरच्याची मागणी आधी आपल्या तोंडानं परत सांगायची आणि त्यानं "हो, हेच म्हणतोय मी" म्हटल्याशिवाय आपलं उत्तर द्यायचं नाही. हा एक नियम इतका जड जातो पोरांना! निम्म्या वेळा ऐकलेलंच नसतं. मग हसतात, पुन्हा विचारतात. गाडी तिथून पुढे सरकते.

आता खऱ्या नाट्याकडे येऊ. स्नेहसंमेलनातल्या छोट्या नाटुकलीसारखं करू नकोस, तेवढं जप. तिथे शेवटी एक मुलगी पुढे येऊन "म्हणून मुलांनो" असा उपदेश करते आणि पालक टाळ्या वाजवतात. आपल्याला टाळ्या नकोत. प्रसंग दोन मिनिटांचा ठेव. पट्टी न विचारता घेतली, चिडवलं, रांगेत मध्ये घुसला, खेळायला घेतलं नाही. नावं खोटी, आणि त्या आठवड्यात ज्यांचं खरं भांडण झालंय त्यांना त्या भूमिका द्यायच्या नाहीत. पहिल्यांदा भांडण जसं होतं तसंच करू दे, शिव्यांच्या जागी "टिंग टिंग" म्हणायला सांग. मग तोच प्रसंग पुन्हा. या वेळी बघणाऱ्यांपैकी कुणीही हात वर करून "थांब" म्हणायचं, पुढे यायचं, त्या मुलाची जागा घ्यायची आणि वेगळं बोलून बघायचं. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलनं प्रेक्षकांनाच नाटकात उतरवायची ही रीत रुजवली. त्याच्यापुढे अन्याय सोसणारी मोठी माणसं होती, आपल्यापुढे दहा वर्षांची पोरं आहेत. रीत मात्र चालते. एक मुलगा येऊन म्हणेल, "बाईंना सांगीन." करू दे. दुसरी येईल, "मी रडेन." तेही करू दे. चूक-बरोबर तू ठरवू नकोस, समोरच्या पात्राला विचार: "हिनं असं म्हटल्यावर तुला काय वाटलं? पट्टी द्यावीशी वाटली का?" पोरं खरं सांगतात. "नाही वाटली, उलट चेव आला", असंही सांगतात.

मग तिसऱ्यांदा भूमिकांची अदलाबदल. पट्टी घेणारा आता पट्टी गमावणारा. सगळी गंमत इथे आहे. मी एका चिडवणाऱ्या मुलाला चिडवून घेणारा केलं होतं. खोटं चिडवणं, सगळ्यांना माहीत असलेलं, तरी त्याचे कान लाल झाले. खाली बसताना एवढंच म्हणाला, "बाई, बंद करा ना आता." त्यावर मी एक अक्षर बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

बोलायचं काय, ते वाक्य मात्र आपणच द्यावं लागतं. अमेरिकेतले मार्शल रोझेनबर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, २०१५ मध्ये गेले. त्यांनी अहिंसक संवादाची पद्धत मांडली आणि शिकवताना ते हातात दोन बाहुल्या घ्यायचे, जिराफ आणि कोल्हा. जिराफ का, तर त्याचं हृदय मोठं, असं ते म्हणत. कोल्हा दोष देतो, जिराफ आपल्या मनातलं सांगतो. त्यांचे चार टप्पे मी पोरांसाठी असे केलेत: काय झालं, मला काय वाटलं, मला काय हवं, तू काय करशील. "तू नेहमी माझ्या वस्तू चोरतोस" हे कोल्ह्याचं. "तू न विचारता पट्टी घेतलीस, माझी आकृती राहिली, मला राग आला. पुढच्या वेळी आधी विचारशील का?" हे जिराफाचं. "नेहमी" आणि "कधीच" हे दोन शब्द आले की वर्गानं शीळ घालायची, असा खेळ लाव. पोरांना शीळ घालायची अधिकृत परवानगी मिळाली की बघच.

"मला काय वाटलं" यापाशी मुलगे अडतात. विचारलं की "डोकं फिरलं" एवढंच येतं. लाज वाटली, एकटं वाटलं, भीती वाटली, हेवा वाटला, हे त्यांना कुणी बोलूच दिलेलं नसतं. "मुलीसारखा रडतोस काय" घरी, दारी सगळीकडे ऐकलेलं. त्यांना घाई करू नकोस. फळ्यावर दहा-बारा शब्द लिहून ठेव, त्यातला एक बोट दाखवून निवडला तरी पुष्कळ.

आणि गोड बोलणं म्हणजे पडतं घेणं, असं मुलींच्या डोक्यात अजिबात जाऊ देऊ नकोस. त्यांना ते तसंही घरी बरंच शिकवलेलं असतं. "नाही, मला हे चालणार नाही" हे सरळ, आवाज न चढवता, डोळ्यांत बघून म्हणण्याचा सराव मुलींकडून जास्त करून घे.

राग चढलाच तर? "टाईम प्लीज" आहे की! लपंडाव खेळताना बुटाची नाडी सुटली की पोरं टाईम प्लीज म्हणतात आणि राज्य असलेलाही थांबतो, एवढा तो कायदा पक्का. तोच वर्गात आण. कुणीही म्हटलं की दोघांनी दोन बाजूंना जायचं, पाणी प्यायचं, मग बोलणी.

हे सगळं आपल्याकडे नवीन नाही बरं. पुण्यात डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर अ‍ॅकॅडमीच्या मंडळींनी १९८६ मध्ये बर्लिनची ग्रिप्स चळवळ मराठीत आणली. मोठ्या नटांनी मुलांच्या भूमिका करायच्या आणि राक्षस-परी सोडून मुलांच्या खऱ्या अडचणी मांडायच्या. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, शिक्षेचा धाक न ठेवता मूल शिकतं हे करून दाखवायला. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं २००९ पासून मूल्यवर्धन सुरू झालं. तिथे मूल्यं पाठ करायला नसतात, जोडीत-गटात बसून करून बघायची असतात. पुढे ते राज्यभर पसरलं. तुझ्या शाळेच्या कपाटात त्याच्या पुस्तिका असतील तर काढून धूळ झटक. आणि २००७ ची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आठवते ना? गावाच्या वेशीवर "तंटामुक्त गाव" अशी पाटी बघून आलेली पोरं तुझ्या वर्गात आहेत. पण तसली पाटी वर्गाच्या दारावर लावू नकोस. पाटी लागली की तक्रारी दडपल्या जातात, कारण मग प्रत्येक भांडणानं शाळेचं नाव खराब होतं.

आता एक गोष्ट, आणि ही नीट ऐक. दोन बरोबरीच्या मुलांचं भांडण वेगळं आणि एकाच मुलाला चौघांनी रोज छळणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात समोरासमोर बसवून "तुला काय वाटलं ते सांग त्याला" म्हणणं म्हणजे त्या पोराला पुन्हा त्यांच्या हातात देणं. तिथे नाट्य नाही, समेट नाही. छळणाऱ्यांशी वेगळं बोल, पोराच्या ये-जा करण्यावर लक्ष ठेव, मुख्याध्यापकांना लेखी दे. आणि कुणी अंगाला नको तिथे हात लावल्याचं मूल बोललं, तर तो मिटवायचा तंटाच नव्हे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून कुणी गप्प बस म्हणालं तरी. १०९८ हा चाईल्ड हेल्पलाईनचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिही, मुलांना पाठ असू दे.

आणि तू स्वतः कशी बोलतेस? रागावू नकोस, पण एकदा पोरांना "बाई-बाई" खेळू दे. एकीनं तू व्हायचं, तू शेवटच्या बाकावर बसायचं. ती तुझा आवाज, तुझं डस्टर आपटणं, तुझं "अक्कल आहे का?" सगळं हुबेहूब करेल. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मारण्याला तर बंदी आहेच, मानसिक छळालाही आहे, आणि अपमान त्यातच येतो. कायदा बाजूला ठेवला तरी, जी बाई फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला मॉनिटर बसवते, तिच्या वर्गात जिराफाचं बोलणं चार दिवस टिकत नाही. मॉनिटरची ती यादी आधी बंद कर. चहाडीची सवय लागते आणि अर्धी भांडणं तिच्यातूनच निघतात.

सगळं एकदम सुरू करू नकोस. आठवड्यातला एक तास पुरे, पण तो बुडवायचा नाही, परीक्षा आली तरी. दिवाळीपर्यंत भांडणं कमी झालेली दिसणार नाहीत कदाचित. तक्रारीची भाषा बदललेली दिसेल. "बाई, ह्यानं मारलं" ऐवजी "बाई, आम्हाला बोलायचंय, मध्ये बसता का?" असं कुणी म्हणालं की तुझं जमलं समज.

आणि पालकांना यात घे, नाहीतर पोरगं घरी जाऊन जिराफासारखं बोलेल आणि "जास्त शहाणा झालास का" म्हणून धपाटा खाईल. सभेला कुणी येत नाही म्हणतेस, पण शनिवारी सकाळी बोलावलंस तर फर्स्ट शिफ्टचा बाप येणार कसा? इथल्या बऱ्याच वर्कशॉपना सुट्टी गुरुवारी असते. पुढची पालकसभा गुरुवारी ठेव, आणि भाषण न करता आई-बापांनाच एक प्रसंग करायला लाव.