तंजावरचा राजवाडा आणि मराठी नाटकाच्या पोथ्या

तंजावरच्या मराठी नाटकांचा विचार आपण बहुधा पोथ्यांपासून आरंभतो. त्या ज्या वास्तूत जतन झाल्या तिचा विचार सहसा करीत नाही. वास्तविक सरस्वती महाल ग्रंथालय ही स्वतंत्र इमारत नव्हे. ते राजवाड्याचा एक भाग आहे, आणि या राजवाड्याचा उपयोग निदान चार वेळा पालटला आहे.

वाड्याची मूळ उभारणी नायकांची. रघुनाथ नायक (१६००–१६३४) आणि विजयराघव नायक यांच्या काळी येथे तेलुगू यक्षगानांचे प्रयोग होत. रामभद्रांबा, रंगाजम्मा या कवयित्री याच दरबारातल्या. पोथ्यांचा संग्रहही त्या काळापासूनच होता. १६७३मध्ये विजयराघव लढाईत पडला आणि १६७६च्या सुमारास एकोजी भोसले तंजावरचे अधिपती झाले. नव्या राजवंशाने जुना वाडा टाकला नाही, आणि त्यातली वाङ्मयीन वहिवाटही मोडली नाही. शहाजीराजांनी (१६८४–१७१२) तेलुगूत रचना केली, मराठीत 'लक्ष्मीनारायणकल्याण'सारखी नाटके लिहिली, आणि 'पंचभाषाविलास'मध्ये संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी व हिंदी या पाच भाषा एकाच रंगभूमीवर आणल्या. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केला, या रूढ विधानाला या पोथ्यांनी बाध आणला हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या वादात एक गोष्ट दृष्टीआड होते. शहाजीराजांचे मराठी नाटक मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून नव्हे, तर नायकांच्या दरबारी यक्षगानाचा उत्तराधिकारी म्हणून जन्मले; तोच वाडा, त्याच शहरातले कलावंत, भाषा मात्र आणखी एक.

दुसरे स्थित्यंतर १७९९चे. त्या वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडासा प्रदेश राहिला. सत्ता गेली तेव्हाच हा वाडा ग्रंथांचे घर झाला, हा योगायोग नव्हे. राज्य चालविण्याचे काम उरले नाही; द्रव्य, वेळ आणि उत्कट जिज्ञासा उरली. सरफोजींनी छापखाना घातला, वैद्यकाचे प्रयोग करविले, हजारो पाश्चात्त्य ग्रंथ मागविले (त्यांतील अनेकांवर त्यांची स्वाक्षरी आहे) आणि १८२०–२१च्या काशीयात्रेतून पोथ्या आणविल्या. आजचा संग्रह मुख्यत्वे त्यांचा. परंतु याच काळात नाटकाची पोथी प्रयोगाचे साधन न राहता संग्रहाची वस्तू होऊ लागली, असे मला वाटते.

पुढचा भाग कायद्याचा आहे. १८५५मध्ये शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनीने राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंचा दावा १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने, हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात पडता येत नाही, म्हणून फेटाळला. मालमत्ता पुढे सरकारने परत केली, तरी वाड्याची रया गेली ती गेलीच. बर्नेल यांनी संस्कृत पोथ्यांची सूची केली ती याच पडत्या काळात. १९१८मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले, १९५१मध्ये वाड्यात कलादालन उघडले. तेथे आता चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत, म्हणजे देवळांतले देवही दरबारी आले!

सार्वजनिक झालेल्या ग्रंथालयाला सूची लागते, आणि सूची भाषावार करावी लागते. संस्कृतची वेगळी, तमिळची वेगळी, तेलुगूची वेगळी, तीन हजारांहून अधिक मराठी पोथ्यांची वेगळी. अभ्यासकही त्याच वाटेने वेगळे झाले. मराठीचा अभ्यासक मराठी सूची चाळतो, तेलुगूचा तेलुगू. यक्षगानाची पोथी आणि शहाजीराजांचे नाटक एकाच छताखाली असूनही शेजारी ठेवून वाचली जातात ती क्वचितच. ज्याने पाच भाषा जाणूनबुजून एकत्र बांधल्या त्या 'पंचभाषाविलासा'ला अशा सूचीत कोणत्याही एका भाषेच्या खाती पुरता न्याय मिळणे अशक्य. मोडी दफ्तराचेही तसेच. दरबारातील कलावंतांचे पगार, इनामे, पोशाख यांच्या नोंदी त्यात आहेत. पण ते इतिहासकारांचे साधन समजले गेले आणि नाटकांच्या पोथ्या साहित्याभ्यासकांच्या. प्रयोगासाठी झालेला खर्च एका दालनात आणि प्रयोगाची संहिता दुसऱ्यात, अशी आज स्थिती आहे.