जात्यापाशी आणि रंगमंचावर

मुळशी तालुक्यातील कोळवडे, नांदगाव यांसारख्या खेड्यांत पूर्वी कोंबडा आरवण्याआधी जात्याची घरघर सुरू होई. दोघीजणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत आणि दळता दळता ओव्या गात. माहेरची ओढ, सासुरवास, भावाची वाट, जे मनात दाटलेले असे ते ओवीत उतरे. ऐकावयास कोणी नसे. जाते तेवढे साक्षीला.

सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या दक्षिण भागातही कष्टांतून असेच एक गाणे जन्मास आले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचे वंशज तेथील मळ्यांत कापूस वेचीत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. दारिद्र्य आणि अपमान मात्र संपले नाहीत. त्यांच्या श्रमगीतांतून व प्रार्थनागीतांतून जी गायकी घडली, तिला ‘ब्लूज’ म्हणतात. इंग्रजीत ‘ब्लू’ म्हणजे निळा, तसाच खिन्नही. या गाण्यात बहुधा पहिला चरण म्हणतात, तोच पुन्हा आळवितात आणि तिसऱ्या चरणात त्याला उत्तर देतात. दुःख एकदा सांगून भागत नाही, हे जणू त्या रचनेलाच ठाऊक आहे!

बडी गाय (हे त्यांचे नावच आहे, हसण्याचे कारण नाही) यांचा जन्म १९३६ साली लुइझियाना राज्यात, दुसऱ्याची शेती वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात झाला. बालपणी त्यांचे वाद्य म्हणजे घरीच तयार केलेले दोन तारांचे साधन. १९५७ साली ते शिकागोस गेले. त्या शहराच्या गजबजाटात साधी गिटार ऐकू जात नसे; म्हणून तेथील ब्लूज गायकांनी विजेवरची गिटार हाती घेतली होती. पुढे महोत्सवांतून हजारो श्रोते हे गाणे ऐकू लागले. २०११ साली मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव भरला, तेव्हा तेथे बडी गाय स्वतः गायले.

विजेने ब्लूजचा आवाज वाढविला. मुळशीत मात्र पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. दळण थांबले तशी ओवीही थांबू लागली, कारण तिला रंगमंच ठाऊकच नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. मुळशीच्या अनेक स्त्रियांनी त्यांना आपल्या ओव्या दिल्या. यांपैकी कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले असून, २०१७ पासून त्या गाणारणींच्या नावागावासह इंटरनेटवर प्रसिद्ध होऊ लागल्या.