पसरून पसरून पसरणार किती?

शाळेच्या ४० फूट लांब व ३० फूट रुंद अंगणात ३ इंच जाडीचा मुरूम पसरायचा आहे, असे समजा. मुरूम किती मागवाल?

अंगणाचे क्षेत्रफळ १२०० चौरस फूट. ३ इंच म्हणजे पाव फूट. क्षेत्रफळाला जाडीने गुणले की घनफळ मिळते : १२०० × १/४ = ३०० घनफूट. मुरूम ब्रासने विकतात आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे ३ ब्रास पुरे, असे तुम्ही म्हणाल.

पण जरा थांबा. सुट्या मुरमात खड्यांच्या मध्ये हवा असते. पाणी मारून धुमसाने चोपल्यावर थर खाली बसतो. ४ इंचांचा सुटा थर दबून ३ इंच होतो असे धरले, तर पसरताना जाडी ४ इंच, म्हणजे १/३ फूट हवी. आता १२०० × १/३ = ४०० घनफूट. ३ ब्रास मागवले असते तर पाव अंगण उघडे राहिले असते! म्हणून जाडी सुट्या थराची की दाबलेल्या, हे गणित करण्यापूर्वीच ठरवावे लागते.

हेच सूत्र उलटे मांडू : क्षेत्रफळ = घनफळ ÷ जाडी. जाडी निम्मी केली की क्षेत्रफळ दुप्पट होते. मग जाडी कमी करत करत एक ब्रास मुरूम साऱ्या तालुक्यावर पसरता येईल काय? सूत्र ‘होय’ म्हणते. मुरूम मात्र ‘नाही’ म्हणतो. अखंड थर खड्याच्या आकारापेक्षा पातळ होऊच शकत नाही.

मग ज्यात खडे नाहीत, त्या तेलाचे काय?

बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यात जेमतेम चहाचा चमचाभर तेल ओतले. ते पसरत गेले आणि सुमारे अर्धा एकर, म्हणजे २० गुंठे पाणी आरशासारखे शांत झाले. ही हकीकत १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. थराची जाडी त्यांनी काढली नाही. ती आपण काढू. चमच्यात ५ घन सें.मी. तेल मावते असे धरू. अर्धा एकर म्हणजे सुमारे २००० चौरस मीटर, अर्थात २ कोटी चौरस सें.मी. भागाकार केला की जाडी येते ०.०००००02५ सें.मी., म्हणजेच २.५ नॅनोमीटर. पुढे १८९० मध्ये लॉर्ड रॅले यांनी ऑलिव्ह तेलाचा थर प्रयोगशाळेत मोजला. तो सुमारे १.६ नॅनोमीटर भरला.

तेलही एका मर्यादेला थांबते, कारण त्यालाही ‘खडे’ आहेत. ते म्हणजे तेलाचे रेणू! थर एका रेणूइतका पातळ झाला की आणखी पातळ होण्यास वाव उरत नाही. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या रेणूचा आकार असा साध्या भागाकाराने हाती येतो.

हा प्रयोग तुम्हीही करा. स्वच्छ धुतलेल्या मोठ्या परातीत पाणी घ्या व त्यावर टाल्कम पावडर अगदी विरळ भुरभुरवा. बारीक तारेच्या टोकावर खाद्यतेलाचा अर्धा मि.मी. व्यासाचा थेंब घ्या. भिंगातून पट्टीशी ताडून पाहा. तो पाण्याला टेकवताच पावडर बाजूला सरून स्वच्छ वर्तुळ दिसेल. त्याचा व्यास मोजा. तो २० सें.मी. आला, तर थेंबाचे घनफळ ०.०६५ घन मि.मी., वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१,४०० चौरस मि.मी. आणि जाडी सुमारे २ नॅनोमीटर. परातीला तेलाचा वा साबणाचा अंश राहिला असेल, तर प्रयोग फसेल.

आता एक प्रश्न. २ नॅनोमीटर जाडीने १ लिटर तेल किती पाण्यावर पसरेल? आधी स्वतः गणित करा आणि मगच उत्तर ५० हेक्टरांशी ताडून पाहा.