जुन्या मोटारीत नवा पडदा

मोटारगाडीचे आयुष्य आणि खिशातल्या फोनचे आयुष्य यांत मोठी तफावत आहे. नीट निगा राखलेली मोटार पंधरा वर्षे सहज चालते. स्मार्टफोन मात्र चार-पाच वर्षांतच जुना ठरतो. ॲपल कंपनीने आपली ‘कारप्ले’ ही पद्धती मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मांडली. गूगलची ‘अँड्रॉइड ऑटो’ त्याच वर्षी जून महिन्यात जाहीर झाली आणि २०१५ मध्ये वापरात आली. त्याआधी कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांची रचना करताना या सोयींचा विचार झालेला असणे शक्यच नव्हते. भारतात तर त्यानंतरही कित्येक वर्षे लहान गाड्यांच्या स्वस्त प्रकारांत पडदा नसे. अशा गाड्या आजही रस्त्यांवर धावत आहेत, आणि त्यांचे मालक फोन मांडीवर किंवा शेजारच्या आसनावर ठेवून नकाशा पाहत असतात. सुटा पडदा बसवण्याचा विचार या ठिकाणी सुरू होतो.

या कामासाठी दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला म्हणजे गाडीतील जुना रेडिओ काढून त्या जागी पडदा असलेला नवा संच बसवणे. रेडिओच्या खाचेचे माप मूळ जर्मन मानकानुसार १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असते. दुप्पट उंचीची खाच १०० मिलिमीटरची. दुप्पट खाच असलेल्या गाडीत हे काम सरळ होते. परंतु पुष्कळ गाड्यांचा रेडिओ डॅशबोर्डच्या घडणीतच मिसळलेला असतो. तेथे वेगळी चौकट आणावी लागते, वायरी जोडाव्या लागतात, आणि कारागीर कुशल नसेल तर चांगली चालणारी विद्युत-व्यवस्था बिघडते. दुसरा मार्ग सुट्या पडद्याचा. हा पडदा बहुधा सात इंचांचा किंवा त्याहून थोडा मोठा असतो. तो डॅशबोर्डवर टेकवायचा, त्याची वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची, की झाले. गाडीला छिद्र पडत नाही, आणि गाडी विकल्यास पडदा नव्या गाडीत नेता येतो. जुन्या गाडीवर फार खर्च करू न इच्छिणाऱ्यास हा दुसरा मार्ग अधिक सोयीचा वाटला तर नवल नाही.

हा पडदा स्वतः फारसे काही करत नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. तो केवळ खिडकी आहे. विचार करणारे यंत्र म्हणजे फोन. बिनतारी जोडणीत फोन व पडदा यांची ओळख ब्लूटूथद्वारे पटते. मग पडदा स्वतःचे वाय-फाय निर्माण करतो आणि चित्रांचा जड ओघ त्या वाटेने येऊ लागतो. बोटाचा स्पर्श उलट दिशेने फोनकडे जातो. मार्ग शोधणे, उपग्रहांवरून स्थान ठरवणे, इंटरनेटशी संपर्क राखणे ही सर्व कामे फोनच करतो. म्हणून फोन मंद असेल तर महागडा पडदाही मंदच चालतो. अँड्रॉइड ऑटोच्या बिनतारी जोडणीसाठी सामान्यतः अँड्रॉइडची अकरावी किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. फोन तिच्याहून जुना असल्यास पडदा वायरीने जोडता येतो का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे, आणि विक्रेते नेमका तोच पुसट करतात. कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो या पद्धतींत फोनचा चेहरा जसाच्या तसा पडद्यावर येत नाही. वाहन चालवताना उपयोगी पडतील अशाच सोयी मोठ्या चिन्हांत मांडल्या जातात: नकाशा, गाणी, दूरध्वनी, निरोप. आलेला निरोप वाचून दाखवला जातो, उत्तर बोलून देता येते, आणि गाडी चालू असताना चित्रपट दाखवला जात नाही. याउलट प्रतिबिंब-पद्धतीत फोनवर जे जे दिसते ते सर्व पडद्यावर उमटते, चित्रपटसुद्धा. अनेक संचांत दोन्ही पद्धती असतात. पहिल्या पद्धतीमागे निदान चालकाच्या नजरेचा विचार आहे, दुसरीमागे तो मुळीच नाही. उभ्या गाडीत मुलांना गोष्ट दाखवण्यापुरती प्रतिबिंब-पद्धती ठीक. चालत्या गाडीत ती वर्ज्यच मानली पाहिजे.

नजरेचा प्रश्न आकड्यांत मांडला तर त्याचे गांभीर्य कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिले तर सुमारे ३३ मीटर अंतर चालकाने रस्ता न पाहता कापलेले असते. आपल्या रस्त्यांवर तेवढ्या अंतरात एखादी गाय, सायकल किंवा दुभाजकाच्या फटीतून धावत आलेला माणूस सहज मावतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये मोटारीतील उपकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत एका वेळची नजर दोन सेकंदांपेक्षा अधिक नसावी आणि एका कामासाठी रस्त्यावरून हटलेली एकूण नजर १२ सेकंदांच्या आत असावी, असे सुचवले आहे. गावाचे नाव अक्षर-अक्षर टंकण्यास यापेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो. तेव्हा ठिकाण घरातून निघण्यापूर्वीच भरावे, आणि वाटेत बदल हवा असल्यास बोलून सांगावा किंवा गाडी कडेला घ्यावी. चाळिशी उलटलेल्या चालकाची अडचण आणखी वेगळी. दूरचे दिसण्यासाठी लावलेल्या चष्म्यातून हातभर अंतरावरची बारीक अक्षरे अंधुक दिसतात आणि नजर तेथेच रेंगाळते. अशा माणसाने पडद्यापेक्षा नकाशाच्या आवाजावर विसंबणे श्रेयस्कर.

पडद्याची जागा ठरवताना बहुतेक चुका होतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून पडदा त्याच्या डाव्या हाताला, डॅशबोर्डच्या मध्यभागी येतो. तो काचेवर उंच लावण्याचा मोह होतो, कारण तेथे तो सहज दिसतो; पण त्यामुळे डावीकडून येणारा पादचारी झाकला जातो. पडद्याची वरची कड चालकाच्या आसनावरून पाहता बॉनेटच्या रेषेवर जाऊ नये, इतका तो खाली असावा. हवेच्या पिशव्यांचा विचार तर अनिवार्य आहे. भारतात चालकाच्या बाजूची पिशवी सर्व नव्या मोटारींना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत एकही पिशवी नाही, काहींत एक, काहींत दोन. डाव्या आसनासमोर डॅशबोर्डवर ‘एसआरएस’ अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली असतील तर त्या झाकणावर किंवा त्याच्या वाटेत काहीही ठेवू नये. पिशवी सेकंदाच्या काही शतांशांत फुगते आणि वाटेतील वस्तू प्रवाशाच्या तोंडावर फेकते. पिशवी नसलेल्या गाडीतही निश्चिंत राहता येत नाही, कारण सैल पडदा टकरीच्या वेळी स्वतःच उडतो. चोषक पेला गुळगुळीत पृष्ठभागावर चांगला चिकटतो. जुन्या गाड्यांच्या खरखरीत डॅशबोर्डवर त्याखाली चिकटवायची तबकडी लावावी लागते, आणि तीही धूळ पुसून लावावी.

वायरीची वाट हा वरवर क्षुल्लक वाटणारा भाग आहे. सॉकेट बहुधा गिअरच्या दांड्याजवळ असते. तेथून लोंबणारी वायर दांड्यात अडकते, किंवा घसरून क्लच आणि ब्रेकच्या पट्ट्यांकडे जाते. ती डॅशबोर्डच्या फटीतून नेऊन दोन-तीन ठिकाणी चिकटवणे एवढाच उपाय आहे.

विजेची गरज अल्प असते. सात इंची पडद्यास दहा वॅटच्या आतबाहेर शक्ती लागते, म्हणजे बारा व्होल्टवर एक अँपिअरहूनही कमी. गाडी चालू असताना हा भार नगण्य होय. किल्ली काढल्यावर सॉकेटमधील वीज बंद होते किंवा नाही, हे मात्र तपासले पाहिजे. ती चालू राहत असेल आणि पडदा तसाच राहिला, तर अर्ध्या अँपिअरने एका रात्रीत, म्हणजे दहा तासांत, पाच अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. ती जुनी असेल तर दोन-तीन दिवसांनी गाडी ढकलावी लागेल.

आवाजाची सोय गाडीच्या वयावर अवलंबून आहे. पडद्याचा स्वतःचा स्पीकर शहरात पुरतो, महामार्गावर पुरत नाही. रेडिओला गोल छिद्राची जोडणी असेल तर साध्या वायरीने उत्तम आवाज मिळतो. काही गाड्यांत त्यातून इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी किणकिण ऐकू येते. तो डायनॅमोचा आवाज जमिनीच्या जोडणीतून शिरलेला असतो, आणि मध्ये एक छोटा विलगक जोडल्यास थांबतो. कॅसेटची खाच असलेल्या गाडीत वायरीची खोटी कॅसेट अजूनही चांगले काम देते. एफ. एम. प्रसारक सर्वांत शेवटचा पर्याय, कारण मोठ्या शहरांत मोकळी जागा सापडणे कठीण आणि गाव बदलले की ती पुन्हा शोधावी लागते.

कायद्याची स्थिती अशी आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली केलेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातातील संपर्क-साधन वापरणे हे धोकादायक वाहनचालन मानले जाते. पहिल्या अपराधास १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जागेवरच भरून घेतली जाणारी तडजोडीची रक्कम राज्याराज्यांत वेगळी आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या नियमाने केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, असे साधन वापरण्यास मुभा दिली. डॅशबोर्डवर पक्का बसवलेला पडदा ‘हातातील’ नसतो, असा युक्तिवाद करता येईल. पण लक्ष विचलित होऊन अपघात घडला तर त्या युक्तिवादाचा आधार कितपत मिळेल, हे सांगावयास नको.

रात्री पडद्याचा उजेड हाताने कमी करावा लागतो, कारण स्वस्त संचांत ही सोय आपोआप घडत नाही आणि काचेत प्रतिबिंब पडते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की हात ठेववत नाही. त्या उष्णतेत चोषक पेला सुटतो, तबकडीचा डिंक मऊ पडतो आणि पडद्याचे आयुष्य घटते. उतरताना पडदा काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवला की ऊन व चोर या दोहोंपासून तो वाचतो. यासाठी बैठकीतून चटकन सुटणारा पडदाच निवडावा, आणि परत बसवताना तो जागेवर घट्ट बसला आहे की नाही हे गाडी सुरू करण्यापूर्वी हाताने हलवून पाहावे.